थोटूक विझवायला कुंडी की पाण्याचा डबा?

घरात वास नको म्हणून गॅलरीत जाऊन सिगारेट ओढणारे पुण्यात पुष्कळ. थोटूक मात्र हाताशी असलेल्या कुंडीत खुपसलं जातं. मला ही सवय फार धोक्याची वाटते. हल्ली गॅलरीतल्या कुंड्यांत निव्वळ माती नसते. वजन कमी राहावं म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सुका पाला घालतात. झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. एप्रिल-मेच्या उन्हात वाळलेलं कोकोपीट त्याने ज्वाळेविना, आतल्या आत तासन्‌तास धुमसू शकतं. सगळे झोपल्यावर आधी प्लास्टिकची कुंडी पेटते, मग शेजारी वाळत घातलेले कपडे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत तर जिने आणि तुळयाही लाकडाच्या.

पत्र्याच्या खोलगट डब्यात दोन बोटं पाणी ठेवलं की थोटूक तिथल्या तिथे विझतं. घाण वास येतो, पाणी रोज बदलावं लागतं, हे खरं; तरी मी डबाच निवडेन. कोरडी वाळूही चालते. घरात लहान मुलं असतील तर डबा उंचावर ठेवा, ते निकोटिनचं पाणी विषारी असतं.

व्हेपची, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटची गोष्ट वेगळी. २०१९च्या कायद्याने भारतात त्याच्या विक्रीवर बंदी आहे, तरीही घरात असेलच तर धोका लिथियम-आयन बॅटरीचा. गादीवर किंवा रात्रभर ते चार्जिंगला लावू नका, फुगलेलं तर अजिबात नको. खोलीत आग पसरली तर दार ओढून सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ला फोन करा.