लॉन न कापणारी बागसेवा : एक अभिप्राय

कोथरूडमधील आमच्या सोसायटीची बाग सांभाळण्याचे वार्षिक कंत्राट ज्या सेवेकडे आहे, तिच्या नव्या योजनेबद्दल हा अभिप्राय आहे. लॉनचा काही भाग हंगामभर न कापता ठेवायचा आणि मधमाश्या व फुलपाखरांना रानफुले मिळू द्यायची, अशी ही योजना आहे.

ब्रिटनमधील प्लँटलाइफ या संस्थेने मे महिन्यात गवत न कापण्याची मोहीम २०१९ मध्ये सुरू केली, कारण तिकडे मे म्हणजे वसंताचा बहर. पुण्यात त्या महिन्यात हरळी पिवळी पडलेली असते आणि जे हिरवे दिसते ते टँकरच्या पाण्यावर. हे ओळखून आमच्या बागसेवेच्या मंडळींनी जुलै ते ऑक्टोबर हा काळ निवडला, आणि माझ्या मते त्यांची खरी जाण इथेच दिसते. पावसात एकदांडी, आंबुटी, रानमेथी, केना आपसूक उगवून फुलतात. एकदांडीवर सकाळी सातेरी आणि फुलोरी या जातींच्या मधमाश्या येतात, तर नखाएवढी निळसर फुलपाखरे आंबुटीच्या पानांवर अंडी घालतात, जी एरवी दर पंधरवड्याला यंत्र फिरले की गवताबरोबर कचऱ्यात जातात.

कापायचेच नाही तर पैसे कशाचे, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत आला (पुण्यात तो येणारच). त्याचे उत्तर गाजर गवतात आहे. ते फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावे लागते, नाहीतर एकेका झाडाच्या हजारो बिया पसरतात, शिवाय अनेकांना त्याने पुरळ उठते आणि दमा बळावतो. माळी हातमोजे घालून नियमाने निंदणी करत. पायवाटेलगतची पट्टी मात्र ते कापत राहिले, त्यामुळे सापांची धास्ती घेतलेल्या ज्येष्ठांचीही हरकत मावळली.

तक्रार आहे ती शेवटच्या कापणीबद्दल. बी पडून गेल्यावर नोव्हेंबरात चार बोटे उंची राखून कापायचे ठरले असताना ब्रश कटर थेट मातीला टेकवून फिरवला गेला आणि उताराकडचा भाग उघडा पडला. हरळी त्यांनी विनामूल्य पुन्हा लावून दिली, तरी त्या दिवशी कामगारांजवळ जाणता माणूस उभा असायला हवा होता. मेक्सिकन लॉनचा गालिचाच हवा असलेल्या सोसायट्यांनी या वाटेला जाऊ नये. हरळीचे साधे पटांगण असणाऱ्यांनी निंदणी आणि कापणीची उंची कंत्राटात लेखी नमूद करून घेऊन ही सेवा जरूर घ्यावी.