लोबुचेचं हेलिकॉप्टर : एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्यांसाठी

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक ठरवत असाल, तर एजन्सीने पाठवलेल्या कार्यक्रमात आधी एकच गोष्ट बघा : वाटेवरच्या नामचे आणि डिंगबोचे, दोन्हीकडे विरळ हवेची सवय होण्यासाठी जादा मुक्काम आहे का. आमच्या कार्यक्रमातून डिंगबोचेचा मुक्काम काढून टाकला होता. काठमांडूच्या त्या एजन्सीचं पॅकेज इतरांपेक्षा बरंच स्वस्त होतं, आणि वर "तुमची सुट्टी वाचते" असं गोड बोलून सांगितलं गेलं. गरज नसताना हेलिकॉप्टरने खाली उतरवून विम्याचे पैसे काढायची फसवणूक तिथूनच सुरू होते.

तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा नियम आहे. नामचे ३४४० मीटरवर, डिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०. मधली विश्रांती काढली की लोबुचेला कुणाचं ना कुणाचं डोकं दुखणारच.

आमच्यात माझ्या धाकट्या भावाचं दुखलं. थोडं मळमळत होतं, जेवण जात नव्हतं. पण नीट चालत होता, नीट बोलत होता. तो बाहेरून लॉजच्या जेवणघरात आला, तसा गाइडने त्याचा हातमोजा काढून गारठलेल्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आला ६८ टक्के. गाइडने तो सगळ्यांना दाखवला, हेलिकॉप्टर बोलवायचा आग्रह धरला आणि म्हणाला, "सर, रिस्क मत लीजिए. रात में कुछ हो गया तो? इन्शुरन्स है ना, आपका एक पैसा नहीं जाएगा." मी भावाचा हात याकच्या शेणाच्या शेगडीजवळ धरून चांगला गरम केला आणि पुन्हा मशीन लावलं. ८२. त्या उंचीवर ऐंशीच्या आसपास आकडा येणं नेहमीचंच, आणि गार बोटावर मशीन चुकीचं दाखवतं. दर सीझनला तिथे येणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मी म्हटलं, सकाळी फेरिचेला उतरू. लोबुचेहून तीनेक तासांची वाट, सहाएकशे मीटर खाली, आणि विरळ हवेच्या त्रासावर खाली उतरण्यासारखं औषध नाही. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. ही संस्था १९७३ पासून याच कामात आहे आणि सीझनमध्ये तिथे डॉक्टर असतात. गाइडचं उत्तर : दवाखाना बंद आहे, पोर्टर मिळणार नाही, घोडाही नाही. मग रात्रभर दर थोड्या वेळाने येऊन तो भावाला उठवून "कैसा लग रहा है" विचारत राहिला. झोप न झालेल्या, घाबरलेल्या मुलाकडून पहाटे कागदावर सही घेतली. हेलिकॉप्टरमध्ये तुम्हाला जागा नाही, असं मला सांगितलं. त्याच दिवशी मी चालत फेरिचेला उतरले. दवाखाना उघडा होता.

हेलिकॉप्टरने वाटेत आणखी दोघांना घेतलं. काठमांडूतलं हॉस्पिटलही एजन्सीनेच ठरवलेलं. भावाचं डोकं तिथे पोचेपर्यंत थांबलं होतं, तरी स्कॅन, सलाइन आणि दोन रात्री. शेजारच्या खाटेवर त्याच फेरीत आलेला कोलकात्याचा एक मुलगा होता. दोघांनी बिलं शेजारी ठेवून फोटो काढला आणि मला पाठवला. हेलिकॉप्टरचा नंबर तोच, वेळ तीच, आणि दोन्ही बिलांवर अख्ख्या हेलिकॉप्टरचं भाडं, चार हजार डॉलरच्या वर. तिसऱ्याचंही तसंच निघालं. एका फेरीचे पैसे तीनदा. डिस्चार्ज देण्याआधी हॉस्पिटलने भावाचं क्रेडिट कार्ड घासून घेतलं. आमच्या विमा कंपनीने नंतर क्लेम नाकारला, कारण कागदपत्रांवरून हेलिकॉप्टरची गरज दिसत नव्हती.

हे नवीन नाही. २०१८ मध्ये नेपाळ सरकारने याची चौकशी केली, तेव्हा ट्रेकिंग एजन्सी, हेलिकॉप्टर कंपन्या आणि हॉस्पिटलं यांची साखळी समोर आली. परदेशी विमा कंपन्यांनी नेपाळच्या ट्रेकचा विमाच बंद करायचा इशारा दिला होता. ट्रेक तोट्यात विकायचा आणि भाडं, बिलं यांच्या कमिशनवर कमवायचं, असा हा धंदा. त्या वाटेवर जीव तोडून काम करणारे शेकडो प्रामाणिक गाइड आणि पोर्टर आहेत. त्यांचंही नाव यात खराब होतं, याची मला मनापासून चीड येते.

एक मात्र नीट लक्षात घ्या. माणूस सरळ रेषेत चालू शकत नसेल, बरळत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेसाळ, गुलाबी थुंकी पडत असेल, तर तो मेंदूला किंवा फुफ्फुसाला सूज आल्याचा प्रकार असतो. तेव्हा वाद घालत बसू नका. लगेच खाली न्या, हेलिकॉप्टर मिळत असेल तर घ्या. नुसतं डोकं दुखत असेल तर वर जायचं थांबा, आणि वाढलं तर उतरा.

निघण्यापूर्वी पॉलिसीत उंचीची मर्यादा किती आहे ते वाचा. बऱ्याच पॉलिसी ४००० मीटरच्याही आत थांबतात. विमा कंपनीचा इमर्जन्सी नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवा आणि हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आलीच, तर फोन तुम्ही करा, गाइडला करू देऊ नका. स्वतःचा ऑक्सिमीटर न्या. भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना एव्हरेस्ट परिसरातल्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाची फी इतर परदेशी लोकांपेक्षा कमी असते, तेव्हा परमिटची मूळ पावतीही मागून घ्या. आम्हाला पूर्ण दर लावला होता.

तिन्ही बिलं जोडून आम्ही नेपाळच्या पर्यटन विभागाकडे आणि काठमांडूच्या टुरिस्ट पोलिसांकडे तक्रार केली आहे. तुमच्यापैकी कुणाला असंच उतरवलं असेल, तर बिलावरचा हेलिकॉप्टरचा नंबर आणि वेळ तपासा, सोबत आलेल्या प्रवाशांशी ताडून पाहा आणि तुम्हीही तक्रार करा.