पोरगी झेडपीत टाकली, दोन वर्षं झाली

दुसरीपर्यंत धाकटी पिवळ्या गाडीनं तालुक्याच्या इंग्लिश स्कूलला जायची. फी २२ हजार, गाडीचे वेगळे. ‘माय नेम इज’ घडाघडा म्हणायची, पण पन्नासची नोट देऊन दुकानात धाडली तर परत किती आणायचे ते सांगता येत नव्हतं. तिसरीला तिला गावातल्या झेडपीच्या शाळेत टाकली. जावेनं महिनाभर तोंड वाकडं केलं. आता दर जूनला दोन-तीन बाया माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बसतात, शाळा कशी हाय विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधीच सांगते, मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. समितीत पाऊण हिस्सा पालक लागतात, निम्म्या बाया लागतात, त्यात माझं नाव लागलं. शिवाय मी शिवणकाम करते, शाळेचे ड्रेसही शिवलेत. तेव्हा शाळेची बाजू घेते असं कुणाला वाटलं तर वाटू द्या.

गाव बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातलं, बालाघाटच्या माळावरचं. शाळा पहिली ते पाचवी, पट ५८, शिकवायला एक सर आणि एक मॅडम. कायद्यानं ६० पटापर्यंत दोनच शिक्षक, वर्ग पाच असले तरी. खोल्या तीन. त्यातली एक निजामाच्या वेळची, दगडी. तिथं मोडके बाक रचलेत, लेकरांना बसवत नाहीत. उरलेल्या दोहोंत सगळा कारभार. सरांच्या फळ्यावर मधोमध खडूची रेघ असते. एकीकडं चौथीचा भागाकार, दुसरीकडं पाचवीचे अपूर्णांक, आणि तिसरीची लेकरं खाली बसून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधतात. माझी पोरगी हातच्याची वजाबाकी त्या काड्यांवरच शिकली. हातचा घ्यायचा म्हणजे एका गठ्ठ्याचं रबर सोडायचं. मला स्वतःला ते चाळिशीला आल्यावर कळलं.

इंग्रजी मात्र मागं पडलं, हे खरंय. सर निवडणुकीच्या कामाला गेले की तीन वर्ग मॅडमच्या गळ्यात येतात, तेव्हा शिकवणं कसलं, राखणच म्हणायची. यंदा पाचवीतून चौघं शिष्यवृत्तीला बसले, एकच पात्र झाली.

निम्मी लेकरं बंजारा तांड्यावरची, घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलणारी. मुसलमानांची दोन घरं, वडारांची चार लेकरं, बाकी आम्ही गावठाणातले. मॅडमनं पहिलीच्या भिंतीवर एका चित्राखाली तीन शब्द लिहिलेत: आई, याडी, अम्मी. भाकरीच्या चित्राखाली बाटी पण आहे. माझी पोरगी आता भांडायला लागली की गोरमाटीत भांडते. मला कळत नाही तेच बरंय. खिचडीला सगळे एका पंगतीत. गावातल्या एका घरानं सुरुवातीला लेकराला वेगळा डबा द्यायला सुरू केलं होतं. तो डबा पंगतीत पहिल्या पाच मिनिटांत संपायचा आणि ते लेकरू खिचडीच मागायचं. आठ दिवसांत डबा बंद झाला.

आता पैशाचं. शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान पटावर मिळतं. ३१ ते १०० पट असला की २५ हजार, ३० पर्यंत असला की १० हजार. त्यात वीजबिल, खडू, रंग, नळाची तोटी, सगळं आलं. दहावा हिस्सा साफसफाईवर घालावा लागतो. हे सगळे पैसे एकदम हातात पडत नाहीत ते वेगळंच. टीव्ही आहे तो लोकवर्गणीचा. मोजणीला धरतात ३० सप्टेंबरचा पट. त्या दिवशी ५८ च्या ५८ लेकरं गावात असतात. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या गाड्या भरतात आणि दिवाळीनंतर वर्गात मोजून ३३ उरतात. बाकीची आईबापासोबत उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत. गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात आणि एप्रिलात सगळ्यांसोबत परीक्षेला बसतात. मग शाळेचा निकाल कच्चा निघतो नि लोक म्हणतात, झेडपीत काय शिकवतात? अहो, सहा महिने लेकरू समोरच नव्हतं!

मागं राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे लेकरू आजीकडं ठेवायचं आणि दोन्ही वेळचं जेवण शाळेत. आमच्याकडं गेल्या साली त्याची मंजुरी आली तेव्हा गाड्या जाऊन तीन आठवडे झाले होते. आजीच्या भरवशावर ठेवायची होती ती सात लेकरं तोवर गेली पण. यावर माझा अजून राग आहे. मॅडमनं जाणाऱ्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलं, ज्या गावी फड असेल तिथल्या शाळेत दाखवा म्हणून. दोघांचीच कार्डं वापरलेली परत आली. एकाचं प्लास्टिकच्या पिशवीत तसंच, घडीसुद्धा न मोडलेलं.

ड्रेसचं माझ्या धंद्यातलं सांगते. एका लेकराच्या दोन जोडांना मिळून ६०० रुपये, कापडासकट. २०२४-२५ ला ‘एक राज्य एक गणवेश’ निघालं तेव्हा हे काम समितीच्या हातून गेलं होतं, पुढं परत आलं. त्या पैशात चांगलं कापड बसत नाही, पण माप गावात घेता येतं. तांड्यावरच्या लेकरांना मी कमरेला नि खाली दुप्पट माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, सोडते. जूनमध्ये माप घेतलेली पोरगी पाडव्याला येते तेव्हा चार बोटं उंच झालेली असते. शिवण उसवून दिली की वर्ष निघतं.

कुणी टाकावं? पहिली ते चौथी बिनघोर टाका. पाचवीला नवोदय विद्यालयाच्या परीक्षेची तयारी करायची असेल तर घरी कुणीतरी बसवणारं पाहिजे, शाळेवर सोडू नका. आणि नाव घालायचं असेल तर शनिवारी सकाळी जा, त्या दिवशी शाळा सकाळची असते आणि खिचडीनंतर मॅडम निवांत भेटतात. लेकराचं आधार न्या, त्यावर नाव नीट आहे का ते आधी बघा. आमच्या पोरीच्या नावातली वेलांटी चुकली होती, त्यात दोन चकरा गेल्या.