नऊ महिने ग्नूकॅश : मेळ बसतो, पण बसावं लागतं

ग्नूकॅश हे घरचा हिशोब ठेवायचं मुक्त सॉफ्टवेअर, ते मी नऊ महिने वापरतेय. आधीच सांगते, मी अकाउंटंट नाही, कॉमर्सवाली पण नाही. घरचा हिशोब बरीच वर्षं एका स्प्रेडशीटमध्ये चालू होता आणि त्या स्प्रेडशीटची अवस्था अशी की एक कॉलम हलवला तर तीन महिन्यांच्या बेरजा बिघडायच्या, आणि बिघडल्यात हे कळायचं पुढच्या वर्षी. मधे एकदोन मोबाइल ॲप वापरून पाहिली, पण उघडल्या उघडल्या सगळे मेसेज वाचायची परवानगी मागतात ते काही पटेना. मला हवं होतं ते एवढंच की हिशोब माझ्या मशीनवर राहावा, आणि उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फाइल उघडून वाचता यावी.

ग्नूकॅशवर सरळ आले असं नाही. आधी फायरफ्लाय थ्री लावलं, दिसायला देखणं आहे, ब्राउझरमध्ये चालतं, पण ते चालवायला डॉकर (सर्व्हरवरचे प्रोग्रॅम डबाबंद करून चालवायचं साधन), डेटाबेस, अपडेट हे सगळं आपणच सांभाळायचं. महिन्यातून दोनदा हिशोब लिहिणाऱ्या बाईने सर्व्हर सांभाळायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. लेजर आणि एचलेजर पण बघितले, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये हिशोब, कल्पना मला फार आवडली, पण नवऱ्याला टर्मिनल, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करायची ती खिडकी, दाखवलं आणि त्याचा चेहरा बघून तिथेच विषय बंद केला. होमबँक सोपं आहे, ज्याला फक्त खर्च टिपायचाय त्याने खुशाल तेच वापरावं.

इन्स्टॉल करण्यात फार काही नाही. विंडोज आणि मॅकसाठी नेहमीसारखा इन्स्टॉलर आहे. लिनक्सवर डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या आपल्या वाणाच्या) सॉफ्टवेअर-साठ्यात बऱ्याचदा जुनी आवृत्ती असते, म्हणून मी फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज, घेतलं. पाचव्या आवृत्तीची मालिका मार्च २०२३ पासून चालू आहे, नव्याने सुरू करत असाल तर तीच घ्या. शेअर-फंडांचे भाव आपोआप आणायचे असतील तर फायनान्स कोट नावाचं, पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतलं जोड-मॉड्यूल लागतं, विंडोजवर ते वेगळं बसवावं लागतं, आणि भावाचे काही स्रोत आधी नोंदणी करून चावी, म्हणजे एक कोड, घ्यायला लावतात. मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या आणि शेवटी महिन्यातून एकदा भाव हाताने टाकायला लागले, पाच मिनिटांचं काम आहे.

दिसायला जुनाट आहे हे खरं. प्रोजेक्ट १९९७ मध्ये एक्स-अकाउंटंट या नावाने सुरू झाला, पहिली स्थिर आवृत्ती १९९८ ची, आणि कुठलाही डायलॉग उघडला की त्या काळाचा वास येतोच. पहिल्या आठवड्यात मला तेच खटकत होतं. आता लक्षातही येत नाही.

खरी अडचण दिसण्याची नाहीच, द्विनोंदीची आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं, पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला, आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय ते सोडत नाही. शाळेत कोणीतरी घोकून घेतलेलं "येणारे नावे, जाणारे जमा" हे वाक्य तीस वर्षांनी उपयोगाला आलं, फक्त त्याने आधी गोंधळच वाढला, कारण बँक आपल्याला स्टेटमेंट देते ते तिच्या बाजूने लिहिलेलं असतं, तिच्या वहीत आपले पैसे म्हणजे तिचं देणं, म्हणून तिथे जमा म्हणजे आपल्या वहीत नावे. ग्नूकॅश डीफॉल्टला हे शब्द दाखवतच नाही, बँक खात्यात डिपॉझिट आणि विथड्रॉवल असं साधं लिहितं, कार्डाच्या खात्यात चार्ज आणि पेमेंट. ज्यांना डेबिट-क्रेडिटच हवंय त्यांना प्रेफरन्सेसमध्ये तसं टिक करता येतं. मी टिक केलं होतं, हुशारी म्हणून, आणि आठवड्यात काढलं.

सुरुवातीला केलेली सगळ्यात मोठी चूक, खात्यांचं झाड. मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च आणि इक्विटी (आपलं स्वतःचं भांडवल) ही पाच मुळं, त्याखाली हवी तेवढी खाती. मी खर्चाची सत्तरेक खाती काढली. औषधं वेगळी, तपासण्या वेगळ्या, डॉक्टरची फी वेगळी, आणि मग एकाच पावतीत तिन्ही आलं की बसा तोडत. दोन महिन्यांनी बावीसवर आणली. बरं एवढंच की खातं डिलीट करताना त्यातल्या नोंदी कुठे हलवायच्या हे ते आधी विचारतं, त्यामुळे काही हरवलं नाही. आणि जुना इतिहास भरायच्या नादी लागू नका. एक तारीख धरा, त्या दिवशीची शिल्लक ओपनिंग बॅलन्स म्हणून टाका, आणि तिथून पुढे लिहा. मी मागचं एक वर्ष भरायला घेतलं होतं आणि चौथ्या महिन्यात सोडून दिलं.

क्रेडिट कार्डाचं मात्र नीट सांगते कारण इथे बहुतेक जण अडकतात, मी पण अडकले. कार्ड हे देण्याचं खातं. कार्डावर पुस्तक घेतलं त्याच दिवशी खर्च झाला, पुस्तकांच्या खात्यात खर्च चढला आणि कार्डाचं देणं वाढलं. पुढच्या महिन्यात बँकेतून बिल भरलं तो खर्च नाही, ते फक्त बँकेतून कार्डाकडे पैसे सरकवणं आहे. माझ्या स्प्रेडशीटमध्ये मी दोन्ही खर्चात धरत होते! म्हणजे इतकी वर्षं मी आहे त्यापेक्षा उधळी आहे असं समजून स्वतःला बोल लावत होते.

आता इम्पोर्ट. बँक स्टेटमेंटची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी टेक्स्ट फाइल) देते, ओएफएक्स (बँक-व्यवहारांसाठीच ठरवलेला फॉरमॅट) देत असेल तर तेच घ्या, कटकट कमी. सीएसव्हीत वरच्या काही ओळी पत्ता-बित्ता असतात त्या वगळायला सांगायच्या, तारखेचा फॉरमॅट निवडायचा, कुठला कॉलम कशाचा ते सांगायचं आणि ही सेटिंग नाव देऊन सेव्ह करायची, म्हणजे पुढच्या वेळी परत नको. त्यानंतर येतो तो जुळवणीचा तक्ता. ग्नूकॅश व्यवहाराच्या वर्णनातले शब्द बघून अंदाज करतं की हा किराणा की वीजबिल, मागच्या वेळी तुम्ही काय निवडलं त्यावरून शिकतं. पहिल्या महिन्यात शंभर टक्के आपणच सांगायचं, तिसऱ्या महिन्यापासून माझ्याकडे बहुतेक ओळी बरोबर यायला लागल्या. फक्त ते चुकीचंही तितक्याच मन लावून शिकतं. मी घाईत एकदा घरभाडं प्रवासखर्चात ढकललं तर पुढच्या महिन्यात पण भाडं प्रवासाला निघालं. टूल्समध्ये इम्पोर्ट मॅप एडिटर आहे, तिथून शिकलेलं पुसता येतं, हे मला फार उशिरा सापडलं.

पण नऊ महिन्यांत कशासाठी हे सॉफ्टवेअर टिकलं विचाराल तर एकच गोष्ट, रिकन्साइल. म्हणजे मेळ घालणं. महिना संपला की स्टेटमेंटची तारीख आणि शेवटची शिल्लक टाकायची, समोर एका बाजूला आलेले पैसे, एका बाजूला गेलेले, स्टेटमेंटवरच्या एकेका ओळीवर टिक करत जायचं आणि खाली फरक शून्य झाला पाहिजे. शून्य झाल्यावर त्या नोंदींवर वाय (y) ही मेळ झाल्याची खूण लागते, आणि नंतर त्यांना कोणी हात लावायला गेलं की इशारा येतो. ऐकायला कंटाळवाणं आहे आणि आहेच. पण ॲपमधले ते गोल रंगीत चार्ट बघून मला कधी काही कळलं नव्हतं, आणि इथे पहिल्या तीन मेळात एक बंद करायची राहिलेली वर्गणी सापडली, एक दोनदा कापलेली रक्कम सापडली आणि माझ्या स्वतःच्या किती चुका सापडल्या ते सोडा.

फरक आला की शोधायच्या दोन जुन्या युक्त्या, कारकून लोकांच्या. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक आकडे उलटे पडलेत. मला एकदा ५४० चा फरक आला, कार्डाच्या नोंदी मी हाताने टाकते, १८२० च्या जागी १२८० लिहिलं होतं. आणि फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसते का ते बघायचं, दिसली तर ती नोंद उलट्या बाजूला गेलीय. या दोनातच माझे निम्म्याहून जास्त फरक निघाले.

आणि ज्याचं दुसरं टोक सांगितलंच नाही ते सगळं जातं इम्बॅलन्स नावाच्या खात्यात, पुढे चलनाचं नाव लागतं. हे खातं ग्नूकॅश स्वतःच उघडतं, तुम्ही न विचारता. सुरुवातीला मला ते लाजिरवाणं वाटायचं, आता महिन्याच्या शेवटी मी आधी तिथेच जाते.

दोन अपघात. दोन्ही माझ्यामुळे. पहिला, फाइल मी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवली, म्हणजे दोन्ही लॅपटॉपवर दिसेल. ग्नूकॅश फाइल उघडताना शेजारी एक लॉक फाइल ठेवतं आणि दुसरीकडून उघडायला गेलं की सांगतं, कोणीतरी वापरतंय, उघडू नका. मला वाटलं मागच्या वेळचं लॉक राहिलं असेल, दाबलं ओपन एनीवे. दुसऱ्या खोलीत नवरा खरंच नोंदी टाकत बसला होता. फाइलच्या दोन प्रती झाल्या आणि त्याची संध्याकाळ वाया गेली. एकाच वेळी दोघांनी लिहायची सोय यात नाहीच, डेटाबेसमध्ये ठेवलं तरी नाही. आता एकच लॅपटॉप, आणि नवरा फक्त पावत्या डब्यात टाकतो.

दुसरा, बॅटरी संपून मशीन बंद, सेव्ह केलेलं नाही. ग्नूकॅशची नेहमीची फाइल एक्सएमएल, म्हणजे खुणा लावलेला साधा मजकूर, ती सेव्ह केल्यावरच लिहिली जाते, ऑटोसेव्ह आहे पण मी तो त्रास देतो म्हणून बंद केला होता, आता काय बोलणार. पण ग्नूकॅश प्रत्येक नोंद एका लॉग फाइलमध्येही टाकत असतं, आणि इम्पोर्ट मेनूत ती लॉग परत चालवायचा पर्याय आहे. चालवली, पाऊण तासाच्या नोंदी परत आल्या. तारीख-वेळ लावलेल्या त्या ढीगभर फाइली फोल्डरमध्ये दिसतात म्हणून वैतागून उडवू नका, त्या बॅकअप आणि लॉगच असतात, किती दिवस ठेवायच्या ते प्रेफरन्सेसमध्ये ठरवता येतं. एक्सएमएलऐवजी एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) ठेवलं तर प्रत्येक नोंद लगेच लिहिली जाते, पण मग न सेव्ह करता बाहेर पडून चुका सोडून देणं हे बंद.

आणि फाइलला पासवर्ड नाही हे लक्षात असू द्या. एक्सएमएल नुसती जीझिपने दाबलेली असते, उघडली की सगळं सरळ वाचता येतं. मला ते हवंच होतं, म्हणून डिस्कच एन्क्रिप्ट केली.

कर्जाच्या हप्त्याचं मात्र कौतुक करते. हप्ता म्हणजे व्याज अधिक मुद्दल, व्याज खर्च आणि मुद्दल म्हणजे देणं कमी होणं, आणि दर महिन्याला दोन्हीचं प्रमाण बदलतं. शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे ठरल्या तारखेला पडणाऱ्या नोंदीत, रकमेच्या जागी सूत्र लिहिता येतं, व्याजासाठी आयपीएमटी, मुद्दलासाठी पीपीएमटी, हप्ता कितवा ते ते स्वतः मोजतं. त्यासाठी एकेक प्रश्न विचारत नेणारा असिस्टंट आहे, दहा मिनिटं लागली. व्याजदर बदलला की सूत्र परत करावं लागतं तेवढंच. बजेट मात्र मला जमलं नाही, पाकिटात पैसे वाटून ठेवल्यासारखं ज्यांना हवं त्यांच्यासाठी ॲक्च्युअल बजेट हे दुसरं सॉफ्टवेअर जास्त बरं. ग्नूकॅशमध्ये फोनवरून लिहायची सोय नाही हे पण आहे, मी रोखीचा खर्च फोनच्या नोट्समध्ये टिपते आणि रविवारी चढवते.

सुधारणा म्हणून मी दोनच गोष्टी केल्या. एक, पायकॅश नावाची पायथन लायब्ररी आहे, तिने वर्षभराचा एकेका खर्चाचा महिनावार तक्ता काढणारी चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली, कारण तयार रिपोर्ट स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेत आहेत आणि त्या कंसांच्या जंगलात शिरायची माझी छाती नाही. पायकॅशला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या रूपातलीच फाइल लागते, म्हणून सेव्ह ॲज करून एसक्यूलाइट प्रत काढली, आणि सेव्ह ॲज केल्यावर आपण त्या नव्या प्रतीतच काम करत राहतो हे लक्षात न आल्यामुळे आठवडाभर चुकीच्या फाइलमध्ये लिहिलं! प्रत काढली की बंद करून मूळ फाइल उघडा.

दुसरी, भाषांतर. ग्नूकॅशचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या साइटवर चालतं, कोणीही खातं काढून सुचवू शकतं. मराठी निवडून बसले तर शब्दांशीच कुस्ती. रिकन्साइलला काय म्हणायचं? ताळमेळ, जुळवणी, समेट? समेट भांडणात होतो. मी मेळ सुचवला. वाक्यात मधेमधे टक्क्याच्या खुणा असतात, तिथे नंतर नाव किंवा आकडा येऊन बसतो, त्या हलवल्या तर गडबड, आणि मराठी वाक्याची रचना वेगळी म्हणून त्या नेमक्या हलवाव्याशा वाटतात. चाळीसेक ओळी केल्यात, पुढे कोण तपासतंय बघू. बग सांगायचे असतील तर ते गिटहब या कोडच्या साइटवर नाही, त्यांच्या बगझिलावर, म्हणजे त्यांच्याच तक्रारवहीत, तिथे आधी शोधून बघा, आपला त्रास कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला असतो.

गेल्या महिन्याचा मेळ काल रात्री घातला. बँक शून्य, कार्ड शून्य. इम्बॅलन्समध्ये एक नोंद आहे, १४५ ची, तीन आठवड्यांपूर्वीची, वर्णनात मी नुसतं "तो" असं लिहून ठेवलंय.