आरव्हीतून सेवा: कॅम्पग्राउंड, अभयारण्य की घरबांधणी?

अमेरिकेतलं घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं, आरव्हीतच, म्हणजे चाकांवरच्या घरातच, राहायचं आणि जिथे मुक्काम पडेल तिथे काही उपयोगाचं काम करायचं, असं तुम्हा दोघांच्या मनात असेल, तर गाडीच्या आधी काम ठरवा. मुक्काम किती दिवसांचा, हवामान कुठलं आणि सोबत छोटी गाडी लागेल का, हे सगळं कामावरून ठरतं. वाटा अनेक आहेत. मी इथे तीन वाटांचीच तुलना करते, कारण नव्याने निघणाऱ्यांना त्याच बऱ्या पडतात.

सर्वांत सहज मिळतं ते राज्य उद्यानांतल्या कॅम्प होस्टचं काम. वीज, पाणी आणि सहसा सांडपाण्याचीही जोडणी असलेली जागा फुकट मिळते. बदल्यात कॅम्पग्राउंडवर मुक्कामाला आलेल्यांना त्यांची जागा दाखवायची, जळण विकायचं, शेकोटीच्या खड्ड्यांतली राख काढायची. बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहंही धुवायची असतात. रात्री कुणी मोठ्याने गाणी लावली की शेजारचे लोक होस्टचंच दार ठोठावतात, त्यामुळे कागदावरचे तास संपले तरी काम संपत नाही. माणसांत रमणाऱ्यांना हे मानवतं. एकांतासाठी निघालेल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर याच व्यवस्थेत एक सुंदर काम आहे: हेसिटा हेडसारख्या दीपगृहावर येणाऱ्यांना त्याची माहिती सांगायची. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाने आधी त्याची चौकशी करावी.

दुसरी वाट राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांची. न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदेच्या काठी बॉस्के देल अपाचे हे १९३९ साली स्थापन झालेलं अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे हजारो सँडहिल क्रेन आणि स्नो गीस उतरतात. भिगवणला पहाटे थंडीत कुडकुडत फ्लेमिंगोंची वाट पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. पण पक्षी पाहणं हा कामाचा छोटासा भाग. माहिती केंद्रात बसणं, पायवाटा दुरुस्त करणं, सॉल्ट सीडरसारखी बाहेरून आलेली झुडपं तोडणं, गवत कापणं हे रोजचं. अशा ठिकाणी सहसा दोन-तीन महिने राहण्याची तयारी लागते. किराणा जवळच्या सोकोरोत मिळतो. तूरडाळ आणि हिंग संपलं की मात्र अल्बुकर्की गाठावं लागतं, म्हणजे एकेरी दीडेक तासाचा प्रवास.

तिसरी, आणि मला सर्वांत जवळची, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधणाऱ्या संस्थेच्या केअर-अ-व्हॅनर्सची, म्हणजे आरव्हीतून फिरणाऱ्या स्वयंसेवकांची. एका गावात साधारण दोन आठवडे राहून घर बांधायला मदत करायची आणि पुढे निघायचं. अनुभवाची अट नसते, हातोडा कसा धरायचा इथपासून शिकवतात. राहण्याची जागा दरवेळी फुकट नसते, थोडं भाडं द्यावं लागू शकतं. पण ज्या कुटुंबासाठी घर उभं राहतंय ते तिथेच आपल्याबरोबर घाम गाळत असतं, आणि घराचं कर्जही परवडेल अशा हप्त्यांनी फेडणार असतं. ते घर दान म्हणून मिळालेलं नसतं. दोन आठवड्यांत भिंती उभ्या राहताना दिसतात. गुडघे आणि पाठ धड असतील तोवर आधी हे करा, अभयारण्यं नंतरही करता येतील.

आता हिशेब. समजा, जागेचं भाडं महिना ७०० डॉलर वाचलं आणि त्यासाठी दोघांनी मिळून आठवड्याला ४८ तास काम केलं. महिन्याचे दोनशेच्या वर तास होतात, म्हणजे तासाला साडेतीन डॉलरही पडत नाहीत. केंद्र सरकारचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. पैसे वाचवणं हाच हेतू असेल, तर पगारी हंगामी काम घेणं शहाणपणाचं. केंद्रीय खात्यांच्या जागांवर २५० तास भरले की राष्ट्रीय उद्यानांचा वर्षाचा पास मिळतो, पण ६२ ओलांडलेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना आजन्म पास ८० डॉलरलाच मिळतो. तेव्हा त्या पासासाठी तास मोजत बसू नका.

हे सगळं नागरिकांनी आणि ग्रीनकार्डधारकांनीच करावं. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेल्या आई-बाबांना हौसेने यात ओढू नका. फुकट जागेच्या बदल्यात केलेलं काम नोकरी धरलं जाण्याचा धोका खरा आहे. पासष्टी उलटलेल्यांनी मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमाही नीट तपासावा. मूळ मेडिकेअर देशभर ते स्वीकारणाऱ्या डॉक्टरांकडे चालतं, खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजना मात्र बहुधा आपल्या भागातल्या डॉक्टरांशी बांधलेल्या असतात. सतत राज्यं ओलांडणाऱ्याला हा फरक महाग पडू शकतो.

केंद्रीय खात्यांच्या जागा व्हॉलंटियर डॉट गव्ह या संकेतस्थळावर दिसतात, राज्य उद्यानांचे अर्ज त्या त्या राज्याकडे करायचे असतात. चांगल्या जागा बऱ्याच आधी भरतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्यासाठी आदल्या शरद ऋतूतच फोन करा. होकार देण्याआधी विचारा: तास प्रत्येकी की दोघांचे मिळून? सलग सुट्टी किती दिवसांची? मोबाइलला रेंज असते का? जवळचं रुग्णालय किती मैलांवर? आणि सध्या तिथे काम करत असलेल्या एखाद्या जोडप्याशी बोलता येईल का?