गोल चेहऱ्यासाठी कंटूर: क्रीम की पावडर?

गोल चेहरा जरा निमुळता दिसावा म्हणून मैत्रिणीला कंटूर (सावलीचा भास देणारा गडद मेकअप) घ्यायचंय, पण गाडी क्रीम की पावडर इथेच अडलीय. लावायची जागा दोन्हींत तीच: कानापासून गालाच्या हाडाखाली, ओठांच्या कोपऱ्याच्या दोन बोटं आधी थांबायचं.

मेहनत पावडरला कमी. ब्रश हलकेच फिरवला की झालं. क्रीम ओलसर स्पंजने थोपटत बसावं लागतं, तेही चेहऱ्याची साधी पावडर लावण्याआधी. उलट केलं तर गालावर ढेकळं! (माझी झालीत.) पण क्रीमची चूक पसरवून निस्तरता येते, पावडरचा गडद पट्टा हटता हटत नाही. टिकण्याचं म्हणाल तर तेलकट त्वचेवर क्रीम सरकतं, कोरडीवर पावडर पापुद्र्यांत अडकते.

रोजची घाई, तेलकट त्वचा असेल तर पावडर. कोरडी त्वचा आणि हाताशी वेळ असेल तर क्रीमच.