फ्रेडरिका : शिणलेल्या मनासाठी एक प्रसन्न कादंबरी

जॉर्जेट हेयर यांची १९६५ साली प्रसिद्ध झालेली ‘फ्रेडरिका’ ही रीजन्सी काळातील, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमध्ये घडणारी कादंबरी मन थकलेले असताना आवर्जून हाती घ्यावी अशी आहे. पाठच्या भावंडांचा भार हसतमुखाने वाहणारी फ्रेडरिका आणि सर्वच गोष्टींना विटलेला उमराव मार्क्विस ऑफ अल्व्हरस्टोक यांचे प्रेम घाईने जुळत नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमधील गाईंमागे धावलेला या भावंडांचा लुफ्रा हा कुत्रा दुर्मीळ बलुचिस्तानी जातीचा असल्याची थाप अल्व्हरस्टोक ज्या गंभीर चेहऱ्याने निभावून नेतो, त्यातूनच तो या कुटुंबात नकळत ओढला जातो, आणि धाकट्या फेलिक्सच्या आजारपणात त्याची माया उघड होते. शेवट गोड होणार हे ठाऊक असल्यामुळे खुसखुशीत संवादांची लज्जत निवांतपणे घेता येते. फ्रेडरिकाची धाकटी बहीण चॅरिस हिचे उपकथानक मात्र थोडे रेंगाळते.